आधी कागद

बहिणीचा मेसेज आला तेव्हा मी एका माणसाचं खोटं पकडत होतो. माझं कामच ते आहे. विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर मी तेवीस वर्षं बसतो आणि लोकांनी लिहून दिलेलं वाचतो. समोर एका दुकानदाराचा अर्ज होता. तो जेवायला गेला असताना दुकानातलं काचेचं कपाट आपोआप पडलं, असं त्याचं म्हणणं. कपाटाला चार पाय, मागे भिंत, खाली सपाट फरशी, आणि ते म्हणे आपोआप पडलं. ‘आपोआप’ दिसलं की मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारतो, ही माझी जुनी सवय. नवीन माणसं कामाला लागली की त्यांना मी सांगतोही, साहेबाच्या थाटात, की बाबांनो, आपोआप काही होत नसतं, कुणाचा तरी हात लागलेला असतो. रेघ मारत होतो आणि फोन टेबलावर थरथरला. ‘थँक्यू दादा. झालं ते झालं. जुनीच वस्तू होती ती, आज ना उद्या आपोआप जाणारच होती. तू निदान प्रयत्न तरी केलास. लावून घेऊ नकोस.’ मी ते दोनदा वाचलं. मग फोन पालथा घातला, पेन्सिल खाली ठेवली, आणि उगाचच इकडेतिकडे बघितलं, कुणी वाचलं तर नाही ना म्हणून. कुणी वाचलं असतं तरी काय बिघडणार होतं? एका बहिणीने भावाचे आभार मानले होते. पण माझे कान तापले होते. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं, निदान मान खाली घालून बसता येतं. या थँक्यूने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्याबद्दल तिने थँक्यू म्हटलं ते रविवारी झालं. आज बुधवार. मधल्या दोन दिवसांत मी जेवलो, ऑफिसला आलो, दाढी केली, हे सगळं व्यवस्थित झालं, याचंही आता नवल वाटतं. सव्वा वर्षापूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय बराचसा परत आला, आणि बोलणं गेलं ते गेलंच. समजतं सगळं. समोरच्याचा एकेक शब्द समजतो, पण स्वतःचा शब्द तोंडापर्यंत येत नाही. राहिले फक्त आकडे. एक, दोन, तीन, चार. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, पाठ झालेलं वेगळ्या कप्प्यात राहतं. तेव्हापासून बाबांचा राग म्हणजे ‘एक दोन तीन!’ आणि समाधान म्हणजे लांबवलेलं ‘एऽक, दोऽन’. सुरुवातीला बहीण आणि मी आतल्या खोलीत जाऊन हसलोही होतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बाईंनी एक प्रोग्रॅम सुचवला. टॅब्लेटच्या पडद्यावर चौकोन, चौकोनात चित्र, चित्रावर बोट लावलं की तो शब्द ऐकू येतो. माझा एक जुना टॅब्लेट कपाटात पडून होता, तो मी दिला. माझा वाटा तेवढाच. बाकी सगळं बहिणीने, आमच्या धाकटीने केलं. ती शाळेत शिकवते; रोज पाच वाजता सुटली की थेट बाबांच्या आणि माझ्या घरी येते आणि बाबांजवळ बसते. शब्द तिच्या आवाजात, पण चित्रं बाबांच्या पसंतीची. प्रोग्रॅममधली तयार चित्रं त्यांना मंजूर नव्हती. पन्नास वर्षं त्यांनी शिलाई मशिनं दुरुस्त केली, त्यामुळे ‘कंटाळा आला’साठी त्यांना पट्टा उतरलेल्या चाकाचा फोटो हवा होता. ‘गोंधळ झालाय’साठी बॉबिनमध्ये अडकलेला दोरा. दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या मावशींसाठी मावशींचं तोंड नाही, त्यांची पिशवी. ‘नको’साठी स्वतःचा डावा पंजा, समोर धरलेला. असे दोनशे शहाऐंशी चौकोन झाले होते. आकडा मला बहिणीकडून कळला, रविवारनंतर. त्याआधी मी कधी मोजले नव्हते. खरं सांगायचं तर नीट बघितलेही नव्हते. मी संध्याकाळी घरी यायचो, बाबा टॅब्लेट पुढे ओढायचे, आणि मी म्हणायचो, ‘बाबा, आलोच, जरा पाय धुतो.’

साडेअकराच्या सुमारास टायपिस्ट बाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात फोन. ऑफिसात मला ‘डॉक्टर’ म्हणतात. कुणाचा फोन अडकला, कुणाचा चार्ज होईना, की माझ्याकडे. मी तो हातात घेतो, दोन-चार ठिकाणी बोट लावतो, भुवया जवळ आणतो, आणि बहुतेक वेळा नुसता बंद करून चालू करतो. लोक खूश. मी त्याहून खूश.

‘डॉक्टर, हा बघा ना, सारखा अडकतोय. तुमच्या हाताला गुण आहे.’

‘आत काय आहे तुमच्या?’ मी विचारलं.

‘काही नाही हो महत्त्वाचं. मुलीचे फोटो आहेत, बास.’

‘ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग आणा.’

‘अहो, एवढं काय, तुम्ही तर चुटकीसरशी...’

‘उतरवून घ्या म्हणतोय ना!’ माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची मान वर झाली. बाईंनी फोन पदराआड घेतला, मी काही हिसकावून घेणार असल्यासारखा, आणि ‘बरं बाई’ असं स्वतःशीच म्हणत गेल्या. मला त्यांची माफी मागायची होती. पण त्यांची माफी मागून काय होणार? रांगेत त्या खूप मागे होत्या.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी बाबांच्या टेबलावर माझा कॉम्प्युटर मांडला, वायर जोडली आणि टॅब्लेट ताब्यात घेतला. हेतू चांगला होता. हे वाक्य मी तीन दिवसांत इतक्यांदा मनात म्हटलंय की ते आता झिजलंय, पण खरं आहे. टॅब्लेट सात वर्षांचा. कंपनीने त्याच्याकडे बघणं कधीच सोडलं होतं. बाबांनी ‘पाणी’ दाबलं की आवाज यायला पाच-सहा सेकंद लागायचे, तोवर मावशी स्वयंपाकघरात गेलेल्या असायच्या आणि रिकाम्या खोलीत धाकटीचा आवाज म्हणायचा, पाणी. हे मी पाहिलं होतं आणि मला वाईट वाटलं होतं. एवढं कबूल करायचा हक्क मला असावा. प्रत्येक टॅब्लेटच्या पोटात मूळ यंत्रणेपासून वेगळी अशी एक लहानशी यंत्रणा असते, तिला रिकव्हरी म्हणतात. मोठी यंत्रणा आजारी पडली तर छोटीतून शिरून तिला ताळ्यावर आणायचं. कंपनीने दिलेली रिकव्हरी अगदीच बिनकामाची असते, म्हणून जगभरातले हौशी लोक स्वतःची तयार करतात. ती एकदा बसली की टॅब्लेटची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवता येते, मग जुनी यंत्रणा काढून हलकीफुलकी नवी घालता येते, आणि म्हातारा टॅब्लेट पळू लागतो. मी पंधरा दिवस त्यावर वाचत होतो. ऑफिसच्या वेळेतही. माझा बेत पक्का होता: रिकव्हरी बसवायची, तिच्यातून पूर्ण नक्कल काढायची, मगच पुढे. म्हणजे मी तर सावधपणाच करत होतो. फक्त एक गोष्ट होती. रिकव्हरी बसवायला आधी कंपनीचं कुलूप उघडावं लागतं, आणि कुलूप उघडलं की टॅब्लेट स्वतःला पुसून टाकतो, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. नक्कल काढायचं साधन मिळेपर्यंत नक्कल काढण्यासारखं काही उरत नाही. हे मी वाचलं होतं. सगळीकडे अगदी वरच लिहिलेलं असतं, लाल अक्षरांत. वाचलं आणि पुढे गेलो, औषधाच्या डबीवरचं वाचून जातो तसं. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे.

बाबा समोर खिडकीपाशी बसले होते. मी त्यांना समजावत होतो, आणि समजावण्यात मला मजा येत होती. आयुष्यभर अवजारं त्यांच्या हातात आणि मी बाजूला उभा, आज उलटं होतं. ‘बाबा, हे बघा, आता मी याच्या पोटात शिरतोय. असं सात वेळा दाबायचं की तो आपल्याला कारागीर समजतो.’ ते बघत होते. मग त्यांनी डावा हात टेबलावर आणला आणि बोटाने लाकडावर एक मोठा चौकोन काढला. पुन्हा काढला. मग टॅब्लेटकडे हात केला. मी टॅब्लेट माझ्याकडे ओढला आणि म्हटलं, ‘हात नका लावू बाबा, वायर हलेल.’ ते म्हणाले, ‘एक दोन तीन चार.’ भराभर म्हणाले. मी हसलो. ‘हो हो, मोजतोय मी,’ म्हटलं. त्यांनी पंजा वर केला. समोर धरला, तसाच. मी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्न आला होता: कुलूप उघडल्यास या यंत्रावरची तुमची सगळी माहिती पुसली जाईल. हो असेल तर आवाज वाढवायचं बटण दाबा, नाही असेल तर आवाज कमी करायचं. इतकं स्वच्छ. माझ्या अंगठ्याखाली एकाच पट्टीची दोन टोकं होती. मला ते वाक्य दिसलं आणि समजलंही. पण पंधरा दिवस वाचलेलं डोक्यात होतं, पायरी चौथी, पायरी पाचवी, आणि बाबा बघत होते, आणि डॉक्टर ऐन ऑपरेशनमध्ये ‘थांबा, मला जरा विचार करू द्या’ म्हणत नाही. मी आवाज वाढवायचं बटण दाबलं.

पुसायला सव्वा मिनिट लागलं. रिकव्हरी उत्तम बसली. त्यानंतर एकदाही काही अडलं नाही. निळ्या पडद्यावर स्वच्छ चौकोनी बटणं आली, त्यातलं दुसरंच बटण नक्कल काढण्याचं होतं. मी ते दाबलं. खोटं वाटेल, पण दाबलं. यंत्राने नक्कल काढली, रिकाम्या टॅब्लेटची, इमानेइतबारे. मग नवी यंत्रणा घातली, प्रोग्रॅम पुन्हा उतरवला, तो क्षणात उघडला. काय वेग होता! आत बारा तयार चौकोन, रंगीत चित्रांचे, आणि कुठल्या तरी यांत्रिक बाईचा आवाज. प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात एक छोटंसं चिन्ह दिसलं, ‘पाटी साठवून ठेवा’, पाटी म्हणजे सगळे चौकोन मिळून. तेही मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन मिनिटांचं काम होतं. मी टॅब्लेट बाबांच्या पुढे ठेवला. त्यांनी बोटाने पानं उलटली. उलटण्यासारखं दुसरं पान नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, आवाजात हळहळ आणून म्हणालो, ‘जुना झाला होता ना बाबा. मी नुसता हात लावला आणि गेलं सगळं. आपोआप.’ मग ताटकळत बसण्यापेक्षा बहिणीला फोन लावला आणि त्यांच्यासमोरच तेच तिला सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे पाठ केली. ती म्हणाली, ‘सगळे?’ मी म्हटलं, ‘सगळे.’ ज्या एका माणसाने ते घडताना पाहिलं होतं, त्याची साक्ष मी आधीच पुसून टाकली होती. हा हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात होता का? नव्हता असं म्हणायला आवडेल. पण पाठ कशाला केली मग?

बाबांचं दुकान म्हणजे एक खोली होती, रस्त्याकडे उघडणारी. तेल आणि लोखंडाचा वास. टेबलावर पांढऱ्या कागदांचा गठ्ठा. कुठलंही मशीन आलं की बाबा आधी एक कागद पसरायचे, त्यावर पेन्सिलीने मोठा चौकोन काढायचे, त्यात मशीनचा ढोबळ आकार, आणि मगच पहिल्या स्क्रूला हात. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या त्याच्या जागी ठेवायचा, मोठ्याने मोजत. एक. दोन. तीन. चार. गिऱ्हाइकं चेष्टा करायची. म्हणायची, ‘उस्ताद, अजून पाठ झालं नाही का?’ बाबा म्हणायचे, ‘मला पाठ आहे. पण काम करताना मी शहाणा असेनच असं नाही. कागद असतो.’ मला त्या कागदाची लाज वाटायची. कॉलेजात होतो तेव्हा, एकोणीस वर्षांचा, एका दुपारी बाबा बाहेर गेले असताना मी एक मशीन उघडलं. बिनकागदाचं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं, जुनं, परदेशी बनावटीचं. आतली एक बारीक स्प्रिंग उडाली ती सापडलीच नाही, आणि तसली दुसरी कुठे मिळत नव्हती. बाई न्यायला आल्या तेव्हा मी बाबांच्या शेजारी उभा होतो. बाबा म्हणाले, ‘बाई, स्प्रिंग हरवली. चूक झाली दुकानाची. दुसरं मशीन घेऊन जा, तुमचं होईपर्यंत.’ माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, ना तेव्हा, ना नंतर. स्प्रिंग त्यांनी सात आठवडे घासून स्वतः तयार केली. मी त्यांचे आभार मानले नाहीत. उलट मला राग आला होता, की हे मला ओरडत का नाहीत, हे असं मोठेपण घेऊन का हिंडतात. त्यानंतर मी दुकानात जाणं सोडलं. तर सांगायचं काय, की टेबलावर बोटाने काढलेला चौकोन म्हणजे काय, हे मला रविवारी कळलं नव्हतं असं मी तीन दिवस स्वतःला सांगतोय. कळलं होतं. त्यांनी पहिल्यांदा बोट फिरवलं तेव्हाच कळलं होतं. जगात ती खूण ओळखणारी आता दोनच माणसं आहेत, एक ते आणि एक मी. बहीण लहान होती, दुकानात फारशी आली नाही. त्यांचा ‘नको’ टॅब्लेटमध्ये अडकला होता, टॅब्लेट माझ्या हातात होता, तरी त्यांनी उरल्यासुरल्या हाताने मला अख्खं वाक्य सांगितलं होतं. थांब, आधी कागद घे. आणि मी म्हटलं, वायर हलेल.

दुकानदाराचा अर्ज मी मंजूर केला. का केला ते विचारू नये. साडेपाचला निघालो आणि घरापर्यंत चालत गेलो, बस समोरून गेली तरी. चालताना मी वाक्यं जुळवत होतो. ‘तुला एक सांगायचं राहिलं.’ हे बरं होतं, त्यात राहून गेल्यासारखं वाटतं. ‘थोडी माझीही चूक झाली.’ थोडी आणि माझीही, एकाच वाक्यात दोन पळवाटा. अशी वाक्यं मी रोज वाचतो, लोक ती किती मेहनतीने लिहितात ते मला ठाऊक आहे. एका कपड्याच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःला दिसलो, ओठ हलवत चाललेला. मग दुसरंच मन म्हणू लागलं, सांगून काय होणार? चौकोन परत येणार आहेत का? तिला बिचारीला आणखी त्रास, आणि बाबांना काय, त्यांना तर माहीतच आहे. हे मन फार समजूतदार होतं. इमारतीच्या जिन्यापर्यंत त्याने मला जवळजवळ पटवलं होतं. दारात मी चपला काढल्या, नेहमीप्रमाणे भिरकावल्या, आणि आत गेलो.

आत धाकटी बाबांजवळ जमिनीवर बसली होती, टॅब्लेट मांडीवर, डोळे लाल. मावशी निघायच्या तयारीत होत्या, पिशवी खांद्याला.

‘आलास दादा? बघ ना, किती फास्ट झालाय हा,’ ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला टोमणे मारताच येत नाहीत. ‘पण मला आठवतच नाहीये रे. पन्नास-साठ आठवले, पुढे कोरं. कुठला कुठे होता तेही नाही. आणि बाबा तर रविवारपासून याला हातच लावत नाहीयेत.’

‘आज दिवसभर एकच चाललंय त्यांचं,’ मावशी म्हणाल्या. ‘बोट फिरवतात टेबलावर. मी ट्रे आणून दिला, तर ढकलला. खिडकी लावू का म्हटलं, तर एक दोन तीन करून ओरडले माझ्यावर.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग डावं बोट टेबलावर ठेवलं आणि सावकाश फिरवलं. आडवी रेघ, उभी रेघ, आडवी, उभी. चौकोन पुरा झाला. ते थांबले.

‘हे. हेच,’ बहीण म्हणाली. ‘काय असेल रे? आरसा? फोटो? तुला काही सुचतंय?’

सुचत नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. म्हटलं असतं तर मावशी गेल्या असत्या, धाकटीने आणखी दहा गोष्टी आणून दाखवल्या असत्या, बाबांनी उद्या पुन्हा बोट फिरवलं असतं, परवा कदाचित नसतं फिरवलं. आणि सांगितलं, तर ते मला कधी कळलं हेही सांगावं लागणार होतं. माझी सगळी जुळवलेली वाक्यं जिन्यात राहिली.

‘कागद हवाय त्यांना,’ मी म्हणालो.

‘कागद? कशावरून?’

‘दुकानात मशीन उघडायच्या आधी ते कागदावर असा चौकोन काढायचे. रविवारीही त्यांनी हेच मागितलं होतं. माझ्याकडे.’

‘रविवारी? टॅब्लेट गेल्यावर?’

‘जायच्या आधी.’ मी म्हणालो. ‘तो आपोआप नाही गेला. पडद्यावर मला विचारलं होतं, सगळं पुसलं जाईल, चालेल का म्हणून. मी वाचलं होतं. बाबा हात वर करून थांब म्हणत होते, तेही मी बघितलं होतं. मी हो दाबलं.’

मावशींनी पिशवी खांद्यावर सारखी केली, आणि दार हळू ओढून घेत त्या निघून गेल्या. बहिणीने टॅब्लेट मांडीवर पालथा घातला. ती रडेल किंवा ओरडेल म्हणून मी वाट बघत उभा होतो, आणि उभा असताना पाय कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

‘मी सकाळी तुला थँक्यू म्हटलं रे,’ ती शेवटी म्हणाली. फार हळू म्हणाली. ‘लिहून पाठवलं.’

‘हो.’

‘आणि तू ते वाचलंस.’

मी आत गेलो, माझ्या खणातून कोरे कागद आणि पेन्सिल घेतली, ऑफिसातलीच, लोकांच्या ‘आपोआप’खाली रेघा मारायची, आणि बाबांच्या पुढे ठेवली. त्यांनी डाव्या हाताने कागद सरळ केला. मोठा चौकोन काढला, थरथरता, पण चारही कोपरे जुळलेले. मग आत उभ्या-आडव्या रेघा. एकेक घर. त्यांना घाई नव्हती. धाकटीच्या लक्षात माझ्याआधी आलं. ‘पाटी काढतायत,’ ती म्हणाली. ‘दादा, त्यांना जागा पाठ आहेत. सगळ्या.’ वरच्या ओळीतल्या पहिल्या घरात त्यांनी एक पेला काढला. ‘एक,’ ते म्हणाले. ‘पाणी,’ धाकटी म्हणाली, आणि तिने ते टॅब्लेटवर लिहून घेतलं. मग बाबांनी दुसऱ्या घरावर बोट ठेवलं, आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

मी पेन्सिल घेतली. दुसरा चौकोन कुठला होता? मला एकच चौकोन पक्का आठवत होता, तो पंजाचा, कारण माझ्यावर त्यांनी तोच सगळ्यात जास्त वापरला होता. पण तो खाली कुठेतरी होता. मी कागदाकडे बघत राहिलो. कानकोंडा होऊन बहिणीला विचारलं, ‘दुसरा कशाचा होता?’

‘तुझा,’ ती म्हणाली. टॅब्लेटवरून तिने मान वर केली नाही. ‘पाण्याच्या शेजारी तुझाच हवा म्हणून हट्ट धरला होता त्यांनी. फोटोला तू कधी बसलाच नाहीस, सारखं आलोच, आलोच. मग त्यांनी मला दारात नेलं आणि तुझ्या चपलांचा फोटो काढायला लावला. मी आवाज भरला, “आला का?” दिवसभर दाबायचे. मावशींना विचार.’

मी दोन चपला काढल्या. मला चित्र येत नाही, पण चपला आहेत एवढं कळत होतं. शेजारी शेजारी, नीट जोडीने ठेवलेल्या. बाबांनी कागद स्वतःकडे फिरवला, बघितला, आणि माझ्या हातातून पेन्सिल घेतली. एक चप्पल खोडली. तिच्या जागी तिरकी, उलटी पडलेली काढली, रोज दारात असते तशी.

‘दोन,’ ते म्हणाले, आणि तिसऱ्या घरावर बोट ठेवून पेन्सिल पुन्हा माझ्यापुढे धरली.